कोपऱ्यातला लोगो कापला, आता पुरावा काय?

समजा, माउलींची पालखी लोणंद सोडून तरडगावच्या वाटेला लागली आहे. तुम्ही फलटणहून सकाळीच गाडी काढून चांदोबाच्या लिंबाला पोचला आहात. वारीतलं पहिलं उभं रिंगण तिथं होतं आणि उशीर झाला तर नुसती डोकीच दिसतात. कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहायला जागा मिळते. टाळकऱ्यांच्या दोन रांगांमधून अश्व दौडत येतात, तुम्ही श्वास रोखून फोन सरळ धरता आणि ४० सेकंदांची क्लिप अशी जमून येते की परत बघताना तुमच्याच अंगावर काटा येतो. संध्याकाळी घरी येऊन रील टाकता. खाली उजव्या कोपऱ्यात तुमच्या पेजचं नाव.

पालखी फलटणला मुक्कामी येईपर्यंत तीच क्लिप तुमच्या मावशीच्या फॅमिली ग्रुपवर येऊन पडते. खालचा पट्टा कापलेला, वर भलत्याच पेजचा लोगो, आणि त्या पेजला फॉलोअर्स लाखात. तुम्ही मेसेज करता, "दादा, व्हिडिओ माझा आहे. क्रेडिट तरी द्या." तासाभरानं उत्तर येतं, "पुरावा काय भावा?"

राग येतो, बरोबर आहे. पण प्रश्न मात्र खरा आहे. काय पुरावा? कोपऱ्यातलं नाव गेलं. फाइलमध्ये तारीख, वेळ, फोनचं मॉडेल अशी जी माहिती चिकटलेली असते, तीही ॲपवर टाकताना गळून पडली. उरले फक्त ठिपके. त्या ठिपक्यांतच तुमची सही लपवता आली असती तर? डोळ्याला दिसणार नाही, कापून जाणार नाही, दहा वेळा फॉरवर्ड झाल्यावरही मशिनला वाचता येईल अशी?

ही सही म्हणजे डिजिटल वॉटरमार्किंग. आणि त्यातली गंमत अशी, की तिचा सगळ्यात मोठा शत्रू तो पेजवाला नाही. शत्रू आहे कॉम्प्रेशन, ज्याच्याशिवाय तुमची क्लिप फोनमधून बाहेरच पडली नसती.

कागदावरची शाई, कागदातली खूण

खिशात पाचशेची नोट असेल तर काढा आणि उजेडासमोर धरा. पांढऱ्या जागेत गांधीजींचा चेहरा दिसतो. तो छापलेला नाही. कागद तयार होताना लगदा तिथं कमीजास्त जाड राहिला आहे, म्हणून दिसतो. ही युक्ती १३ व्या शतकात इटलीतल्या फाब्रियानो गावच्या कागदवाल्यांनी काढली. लगद्याच्या साच्यात तारेची नक्षी बसवायची, मग तेवढ्या भागात कागद पातळ होतो. शाई खोडता येते. ही खूण काढायची तर कागदच फाडावा लागतो.

कोपऱ्यातला लोगो म्हणजे शाई. क्रॉप केलं, ब्लर केलं, वर दुसरा लोगो चिकटवला, की काम झालं. तरी मोठमोठे स्टुडिओही वर्षानुवर्षं शाईवरच विसंबून होते, आणि त्याचं फळ आपल्या महाराष्ट्रानंही पाहिलं आहे.

२०१६ आठवतंय? तुम्ही तेव्हा शाळेत असाल. 'सैराट' २९ एप्रिलला लागला आणि थिएटरात गर्दी मावत नसतानाच त्याच्या चोरट्या कॉप्या मोबाइलमधून फिरत होत्या. पुढं जूनमध्ये 'उडता पंजाब'चं प्रकरण झालं. १३ जूनला मुंबई उच्च न्यायालयानं एक कट देऊन सिनेमाला वाट मोकळी केली, १७ जूनला तो लागणार होता, आणि मधल्या दोन-तीन दिवसांत तो पूर्णच्या पूर्ण इंटरनेटवर आला. त्या कॉपीवर ठळक अक्षरं होती, 'फॉर सेन्सर'. म्हणजे सेन्सॉरसाठी काढलेली कॉपी फुटली, एवढं शेंबडं पोरही सांगेल. पण ती कुणाच्या हातून फुटली? ते त्या अक्षरांत नव्हतं. त्या कामासाठीच्या प्रत्येक कॉपीवर जर तेच शब्द असतील, तर ती खूण दरवाजा दाखवते, माणूस दाखवत नाही.

दुसऱ्या वर्षी, ऑगस्ट २०१७ मध्ये, 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या सातव्या सीझनचा चौथा भाग प्रसारणाच्या आधीच फुटला. त्यावर स्टार इंडियाची खूण होती. तक्रार मुंबईतल्या एका कंपनीनं केली, महाराष्ट्र पोलिसांच्या सायबर विभागानं चौघांना अटक केली. जगभर गाजलेल्या मालिकेच्या गळतीचा माग आपल्याकडे येऊन थांबला. इथंही खुणेनं दरवाजा दाखवला, माणसांपर्यंत पोचायला तपास करावा लागला.

आता याच्या उलट किस्सा. ऑस्करला मत देणाऱ्या सदस्यांना पूर्वी नव्या सिनेमांच्या व्हिडिओ कॅसेट घरपोच यायच्या. २००४ च्या सुरुवातीला 'समथिंग्ज गॉटा गिव्ह'ची कॉपी इंटरनेटवर सापडली. तपासल्यावर तिच्यातली खूण थेट एका नावाकडे गेली, अभिनेता कार्माइन कॅरिडी. त्यांनी आपल्या कॅसेट ओळखीच्या माणसाला दिल्या होत्या. अकादमीनं त्यांचं सदस्यत्व काढून घेतलं. फरक एवढाच होता, की प्रत्येक सदस्याच्या कॅसेटवर वेगळी खूण होती. आणि ती खूण कॅसेटवरून कॉम्प्युटरवर आणि तिथून दाबून-दुबून इंटरनेटवर जाताना टिकली. हे टिकणं म्हणजेच सगळा खेळ.

घोडा पळतो, गर्दी तिथंच असते

वॉटरमार्क का पुसतो हे समजायचं तर आधी व्हिडिओ दाबला कसा जातो ते बघावं लागेल. थोडं गणित आहे, बारावीचं पण नाही.

फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट. सेकंदाला २५ फ्रेम्स. गुणाकार करा, सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइट येतात. मिनिटाला नऊ जीबीच्या वर! आणि तुमच्या फोनमधली एक मिनिटाची फाइल किती असते? सेटिंगनुसार कमीजास्त, पण शे-सव्वाशे एमबी धरा. म्हणजे ७०-८० पट दाबलेली. ती इन्स्टावर गेली की आणखी दाबली जाते, व्हॉट्सॲपवर त्याहून जास्त.

हे होतं कसं? पहिली चलाखी वेळेची. रिंगणाच्या क्लिपमध्ये अश्व पळतो, पण मागचा लिंब, आकाश, ट्रॉल्या जिथल्या तिथं असतात. मग प्रत्येक फ्रेममध्ये आख्खं चित्र कशाला साठवायचं? अधूनमधून एक फ्रेम पूर्ण ठेवायची आणि तिच्या पुढच्या फ्रेम्समध्ये फक्त 'हा चौकोन इतके ठिपके उजवीकडे सरकला' एवढंच लिहायचं. २००३ मध्ये आलेलं एच.२६४ हे तंत्र, जे आजही बहुतेक फोनमध्ये असतं, असंच चालतं. चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन, आणि कोण कुठं सरकलं याची वही.

दुसरी चलाखी डोळ्याची. चौकोनातल्या ठिपक्यांचं रूपांतर लहरींमध्ये करायचं. संथ लहरी म्हणजे एकसारखा रंग, वेगवान लहरी म्हणजे बारीक तपशील. या रूपांतराचं नाव डीसीटी. ते १९७२ मध्ये सुचलं नासिर अहमद यांना, मूळचे आपल्या बंगळुरूचे. अमेरिकेत संशोधनासाठी पैसे मागितले तर कल्पना फारच साधी आहे म्हणून अर्ज फेटाळला गेला. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबतचा त्यांचा पेपर १९७४ मध्ये छापून आला. आज जगातला जवळपास प्रत्येक जेपीजी फोटो आणि एच.२६४ व्हिडिओ त्या 'फारच साध्या' कल्पनेवर किंवा तिच्या भावंडावर उभा आहे. गाइडनं प्रोजेक्टचा विषय नाकारला तर हे लक्षात ठेवा.

लहरींचे आकडे मिळाले की ते राउंड ऑफ करायचे. समजा एक आकडा ४७ आहे आणि पायरी १० ची ठरवली आहे. ४७ ला १० नं भागलं की ४.७, म्हणजे ५. साठवायचे फक्त ५. बघताना ५ गुणिले १०, म्हणजे ५०. तीनचा फरक पडला, पण डोळ्याला कळत नाही. पायरी मोठी केली की फाइल लहान होते आणि चित्र चौकटीचौकटीचं दिसायला लागतं. पावसाळी फॉरवर्ड व्हिडिओत आभाळ फरशीसारखं दिसतं ना, ते याच्यामुळं.

आता घोळ कुठं आहे बघा. कॉम्प्रेशनचं सगळं लक्ष एका गोष्टीवर, डोळ्याला जे कळत नाही ते फेकून द्या. आणि वॉटरमार्कला लपायचंय कुठं? डोळ्याला कळणार नाही तिथंच! दोघांना एकच खोली हवी आहे आणि कॉम्प्रेशन रोज सकाळी ती झाडून काढतं.

म्हणून इंटरनेटवर सर्च केल्यावर पहिल्यांदा सापडणारी पद्धत, ठिपक्याच्या आकड्याचा शेवटचा बिट बदलायची, व्हिडिओसाठी कुचकामी आहे. ठिपका १४२ चा १४३ केला, डोळ्याला काही कळलं नाही, भारी वाटलं. पण व्हिडिओ एकदा कॉम्प्रेस झाला की हा एकाचा फरक राउंड ऑफमध्ये विरघळतो. वरच्या उदाहरणात ४७ चे ४८ केले असते तरी उत्तर ५० च आलं असतं.

मग हुशार लोकांनी उलटा विचार केला. राउंड ऑफ होणारच आहे ना, मग त्या पायऱ्यांवरच लिहू. पायरी सम असेल तर शून्य, विषम असेल तर एक. ४७ मध्ये 'शून्य' लिहायचाय? जवळची सम पायरी ४ थी, म्हणून तो आकडा ४० करून टाका. पुन्हा १० च्या पायरीनं कॉम्प्रेस केलं तरी ४० हा ४० च राहतो. खूण टिकली. पण पेजवाल्यानं क्लिप डाउनलोड करून परत टाकली, आणि या वेळी पायरी ३० ची लागली तर? ४० भागिले ३० म्हणजे १.३३, राउंड ऑफ होऊन १, म्हणजे ३०. आपण वाचायला गेलो तर तिसरी पायरी, विषम. लिहिला होता शून्य, वाचला एक. पायरी आधीच मोठी ठेवली तर खूण दणकट होते, पण मग ती चित्रात दिसायला लागते. एकीकडे ओढलं की दुसरीकडे उघडं पडतं, अशी ही चादर आहे.

एक टाळ, दहा हजार टाळ

यातून वाट काढणारी कल्पना मला वारीतच भेटते. दिंडीतला एकच टाळ हळू वाजवा, गर्दीच्या कालव्यात कुणाला ऐकू येणार नाही. पण दहा हजार लोकांनी तेवढाच हळू टाळ एकाच ठेक्यात वाजवला तर? कालवा कितीही असो, ठेका कानावर येतोच. कारण कालव्याला ठेका नसतो.

इंगमार कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या पद्धतीचं मर्म हेच आहे. खूण एका जागी ठेवायची नाही, हजारो ठिकाणी चिमूट-चिमूट पसरायची. कुठं किंचित वाढवायचं, कुठं किंचित कमी करायचं हे एका गुप्त किल्लीवरून ठरतं. किल्ली फक्त तुमच्याकडे. वाचताना त्याच किल्लीनं अधिक-उणे जुळवून बेरीज करायची. आकड्यात बघा. दहा हजार जागी प्रत्येकी फक्त १ नं बदल केला, तर जुळवून केलेली बेरीज होते दहा हजार. चित्रातला आणि कॉम्प्रेशनमधला कचरा दर जागी साधारण १० चा असला तरी तो कधी अधिक, कधी उणा, एकमेकांना खात जातो. त्याची बेरीज साधारण एक हजाराच्या घरात राहते. प्रत्येक जागी खूण कचऱ्याच्या एक दशांश होती, बेरजेत ती दहापट वर आली. चुकीची किल्ली लावली तर हाती नुसता कालवा. आणि कॉक्स यांचा आग्रह असा होता, की खूण चित्राच्या महत्त्वाच्या, ठसठशीत लहरींमध्येच ठेवा. चोराला ती खरवडायची असेल तर चित्रही खरवडलं जाईल. नोटेचा कागद फाडण्यासारखंच.

याची किंमत मात्र मोजावी लागते. एक बिट लिहायला हजारो जागा लागल्या, म्हणजे निरोप फार छोटा ठेवावा लागतो. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी डिजिटल थिएटरसाठी २००५ मध्ये नियम ठरवले. त्यांत प्रोजेक्शनच्या वेळीच पडद्यावरच्या चित्रात अदृश्य खूण मिसळायची अट आहे, आणि ती किती मोठी? दर पाच मिनिटांत ३५ बिट्स. त्यातले १६ वेळेसाठी, १५-१५ मिनिटांच्या मापानं, आणि १९ जागेसाठी, म्हणजे सव्वापाच लाख थिएटरांना पुरतील एवढे. कुणी शर्टाच्या खिशातून फोन वर काढून सिनेमा शूट केला, तर ती कॉपी सापडल्यावर कुठल्या स्क्रीनवर, कुठल्या दिवशी, साधारण कितीचा शो, एवढं त्यातून काढता येतं. तुलनेसाठी सांगतो, 'फलटण' ही चार अक्षरं युनिकोडमध्ये नेहमीच्या पद्धतीनं साठवायला ९६ बिट्स लागतात. सिनेमावाल्यांना पाच मिनिटांत गावाचं नाव लिहिण्याइतकीही जागा मिळत नाही, म्हणून ते नुसता नंबर लिहितात.

आणखी एक अडचण, जी पुस्तकात एका ओळीत असते आणि प्रत्यक्षात घाम काढते. व्हिडिओ आधीच कॉम्प्रेस झालेला असेल तर? तो पूर्ण उलगडायचा, खूण घालायची, परत दाबायचा, यात वेळही जातो आणि दर्जाही. म्हणून दाबलेल्या फाइलमध्येच, त्या राउंड ऑफ केलेल्या आकड्यांत थेट खूण घालायची पद्धत निघाली. फ्रँक हार्टुंग आणि बेर्न्ड गिरोड यांचं १९९८ चं काम यातलं पायाभूत मानतात. पण इथं रिंगणातली ती वही आडवी येते. पुढच्या फ्रेम्स मागच्या फ्रेमकडून उसनं घेतात ना? मग मागच्या फ्रेममध्ये केलेली खाडाखोडही उसनी घेतात, तिच्यावर स्वतःची घालतात, पुढच्याला देतात. काही सेकंदांत चित्राला बुरशी आल्यासारखं दिसायला लागतं. म्हणून प्रत्येक फ्रेममध्ये मागून आलेली चूक मोजून वजा करावी लागते. दुसरं पथ्य असं, की जिथं आकडा शून्य आहे तिथं हात लावायचा नाही. कॉम्प्रेशनची सगळी बचत शून्यांवर असते. शून्याचा एक केला की फाइल फुगते.

ओटीटीवाले काय करतात? लाखो लोक एकाच वेळी बघतात, प्रत्येकासाठी वेगळी खूण घालून वेगळा व्हिडिओ बनवणं परवडणार नाही. त्यांचा एक नामी तोडगा आहे. सिनेमाचे काही सेकंदांचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या दोनच कॉप्या ठेवायच्या, ए आणि बी. डोळ्याला दोन्ही सारख्या, आत खूण वेगळी. मग तुम्हाला ए-ए-बी-ए-बी असे तुकडे पाठवायचे, तुमच्या रूममेटला बी-ए-ए-बी-बी. वीस तुकड्यांत दहा लाख ४८ हजार ५७६ वेगळे क्रम बनतात. सहा-सहा सेकंदांचे तुकडे धरले तर दोन मिनिटांत तुमची ओळख लिहून झाली. पासवर्ड वाटून बघणाऱ्यांनी घाबरू नका, हे त्यासाठी नाही. पण स्क्रीन रेकॉर्ड करून टेलिग्रामवर टाकणाऱ्यांनी जरूर घाबरावं. दोघांनी मिळून आपल्या कॉप्या ताडून बघितल्या आणि तुकडे मिसळले तर? त्याचाही विचार झाला आहे. हंगेरीचे गणिती गाबोर टार्डोश यांनी २००३ मध्ये असे क्रम बनवायची रीत दिली, की काही जणांनी संगनमत केलं तरी त्यातला निदान एक सापडण्याची शक्यता भक्कम राहते. मात्र टोळी दुप्पट झाली की क्रम साधारण चौपट लांब लागतो.

फलटणमध्ये बसून

आता परत आपल्या ४० सेकंदांकडे. एवढ्या छोट्या क्लिपमध्ये, तेही रील्सच्या दाबादाबीत, स्टुडिओच्या तोडीची खूण बसवणं तुमच्याकडून लगेच होणार नाही. पण काही गोष्टी आज करता येतात.

आधी एक प्रयोग. पायथन आणि ओपनसीव्ही लॅपटॉपवर असेल तर एका छोट्या क्लिपमध्ये शेवटच्या बिटच्या पद्धतीनं स्वतःचा रोल नंबर लपवा. फाइल एफएफव्ही१ सारख्या काहीही न फेकणाऱ्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करा, नाहीतर सेव्ह करतानाच खूण मरते. पहिल्यांदा करणारे इथंच फसतात. मग तीच फाइल मित्राला व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि तिचीच नेहमीच्या एमपी४ मध्ये केलेली कॉपी व्हिडिओ म्हणून पाठवा. दोन्ही परत घेऊन वाचा. डॉक्युमेंटमधला रोल नंबर जसाच्या तसा मिळेल, दुसऱ्यातला पार गेलेला असेल. त्यानंतर पसरवलेली खूण घालून बघा आणि पायरी वाढवत नेऊन ती कुठं मरते ते मोजा. आलेख काढलात तर शेवटच्या वर्षाचा बऱ्यापैकी प्रोजेक्ट होतो.

कायद्याचं बघाल तर तुमची बाजू वाटते त्यापेक्षा मजबूत आहे. कॉपीराइटसाठी नोंदणी लागत नाही. क्लिप तयार झाली की हक्क जन्मतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये कलम ६५-बी आलं. कृतीचं आणि कर्त्याचं नाव सांगणारी माहिती जाणूनबुजून, परवानगीशिवाय काढली किंवा बदलली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. कोपऱ्यातलं नाव कापणाऱ्या पेजवाल्याला हे कलम बहुतेक ठाऊक नसतं. सिनेमाची चोरी तर आणखी महागात पडते. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीनंतर किमान तीन महिने, कमाल तीन वर्षं कैद, आणि दंड तीन लाखांपासून निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत.

पण लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या पोरांनो, जरा थांबा. तुम्ही पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून फिल्म बनवली आणि वेगळा करार केला नाही, तर कलम १७ प्रमाणे पहिला हक्क सांगणाऱ्याचा, म्हणजे वधूवरांकडच्यांचा. त्यांनी तुमच्या हायलाइट व्हिडिओचं काहीही केलं तरी 'माझा व्हिडिओ' म्हणून भांडता येणार नाही. साध्या कागदावर का होईना, ॲडव्हान्स घेतानाच एक ओळ लिहून घ्या. ही चूक वॉटरमार्कनं भरून निघत नाही.

मूळ फाइल कधीही डिलीट करू नका, फोन कितीही भरला तरी. तिचा एसएचए-२५६ हॅश काढा, फुकट होतं, आणि तो स्वतःलाच ईमेल करून ठेवा. तारीख आपोआप पडते. फाइलमधला एक बिट बदलला तरी हॅश पूर्ण बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅशसाठी जागाच दिलेली आहे. मात्र हॅश म्हणजे वॉटरमार्क नव्हे. ती क्लिप दुसरीकडे दाबून पसरली की तिचा हॅश वेगळा, तुमचा वेगळा. तो फक्त एवढंच सिद्ध करतो, की अमुक दिवशी ही फाइल अशीच तुमच्याकडे होती.

लोगो टाकायचाच असेल तर कोपऱ्यात नको. फिकट करून चित्राच्या मध्याजवळ ठेवा आणि तीन-चार सेकंदांनी जागा बदला. रिंगणात तर तो अश्वाच्या वाटेवरच ठेवा, कारण तेवढं कापलं तर क्लिपमध्ये बघायला उरतं काय?

आणि एक युक्ती, जिला ना किल्ली लागते ना कोड. रील टाकताना सुरुवातीची आणि शेवटची पाच-पाच सेकंदं कापून घरी ठेवा. जगाला मधला भाग द्या. उद्या "पुरावा काय भावा?" असं विचारणाऱ्याला फक्त ती पहिली पाच सेकंदं पाठवा, ज्यात अश्व अजून आलेले नाहीत, ट्रॉली हलतेय, कुणीतरी "ए, खाली बस की" म्हणून ओरडतंय आणि पाठोपाठ तुमचाच आवाज येतोय, "थांबा काका, आलेच."